हत्याराचा रकाना

मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर
लवंगा वाळत घातल्या की वाट उरत नाही,
माणसं कडेकडेनं चालतात. मीही चाललो,
बगलेत सरकारी फायली, पायांत राजधानीचे बूट.

सत्तेचाळीसच्या उठावात कोण कोण होतं
त्याची यादी हवी होती. मंत्रालयाला घाई,
वर्धापनदिन तोंडावर,
आणि पूर्वेचं पान जवळजवळ कोरं.

नाव. गाव. तुकडी. हत्यार. साक्षीदार दोन.

नाव तिनं सांगितलं, कालोझाफी.
गाव समोरच होतं,
म्हणजे जाळल्यावर उरलं तेवढं.
तुकडी म्हटल्यावर ती हसली.
हत्यार म्हटल्यावर उठून आत गेली
आणि बांबूचं नळकांडं घेऊन आली,
पुरुषभर उंच, धुरानं काळं.
"यात आम्ही पाणी आणतो."
मग तिनं ते उलटं केलं.

शेवटचं पेर निराळं होतं.
खालून कोरलेलं,
तोंडाला मेणाचं बूच.

"रानातल्या पोरांकडे भाले होते.
गळ्यात मंतरलेले ताईत.
गोळी आली की 'रानू' म्हणून ओरडायचं,
रानू म्हणजे पाणी,
म्हणजे गोळीचं पाणी होतं.
माझा भाऊ तोंबोझारा ओरडला.
पुलापर्यंत ऐकू आलं."

झाडावरून एक कोंबडी उडी मारून खाली आली.
कालोझाफीनं तिला हुसकलं, मग बोलली.

"नाही झालं पाणी.

पण बाकीचे होते ना रानात. पावसात, कंद उकडून खात,
मिठावाचून पोटऱ्यांत गोळे येऊन
चालता चालता खाली बसायचे.
मग आम्ही बायकांनी म्हटलं,
गोळीचं पाणी होत नाही तर नाही,
पाण्याचं मीठ तर होतं."

रात्री समुद्र उकळायचा,
लवंगतेलाच्या भट्टीआड, धुरात धूर मिसळून.
हंडाभर पाण्याला दोन ओंजळी.
पहाटे बांबू खांद्यावर,
वरच्या पेरांत गोडं पाणी, खालच्यात मीठ,
आणि समोर पूल. पुलावर पहारा.

एकदा एका शिपायानं अडवलं.
तोही काळाच, कुठल्या तरी दुसऱ्या वसाहतीतून
उचलून आणलेला, ओठ फुटलेले.
पाणी मागितलं.
तिनं बांबू कलता केला.
तो पीत होता आणि ही मनात चाचपत होती
मेण किती जाड लावलंय ते.
"खूप वेळ प्यायला.
शेवटचा घोट जमिनीला दिला त्यानं.
कुणीतरी नीट वाढवलेलं पोर होतं."

मी रकान्यात लिहिलं: मीठ.
आणि पेन तिथंच थांबलं. एवढ्या मोठ्या चौकोनात
शब्द फार लहान दिसत होता.
"का रे," ती म्हणाली,
"तिकडे राजधानीत कालवण अळणीच करतात?"

साक्षीदार?
तिनं समुद्राकडे हनुवटी उडवली.
"एक हा. दुसरा तो शिपाई.
सापडला तर विचार."

महिन्यानं फाईल परत आली.
समासात लाल पेन्सिल:
स्वयंपाकाची बाब. गाळावी.

खाल्ल्या मिठाला जागावं, खरं आहे.
पण ज्यांनी खाल्लं त्यांतले कितीतरी
रानातच राहिले,
आणि जे बाहेर आले ते हात वर करून,
बरगड्या मोजता याव्यात असे.
आम्ही वरच्या मुलखातले,
आम्हांला कुणी सांगितलंच नव्हतं
की आम्ही कुणाचं खातोय.

वर्धापनदिनी चौकात बँड वाजत होता.
मी खिडकी लावून जेवायला बसलो.
"मीठ बरोबर आहे ना?" बायकोनं विचारलं,
रोज विचारते तसं.

घास तोंडात तसाच धरून
मी बराच वेळ बसलो होतो म्हणे.